डझनभर माणसांसाठी ठेवलेला टॅब

मेकफाइलमध्ये आज्ञेची ओळ टॅबनंच सुरू व्हावी लागते. टॅबऐवजी आठ वेळा स्पेसबार दाबला तर पडद्यावर अगदी तसंच दिसतं, पण मेक ती ओळ स्वीकारत नाही. हा नियम १९७६ सालचा. बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांच्या खोलीत त्यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन तणतणत आले. सगळी सकाळ त्यांनी प्रोग्राममधली एक चूक शोधण्यात घालवली होती आणि ती चूक आधीच दुरुस्त केलेली निघाली. दुरुस्त केलेली फाइल पुन्हा कंपाइल करायची तेवढी राहून गेली होती. कुठली फाइल बदलली आणि तिच्यापायी काय काय नव्यानं बनवायला हवं हे यंत्रानंच ओळखावं, म्हणून त्याच शनिवार-रविवारी फेल्डमन यांनी मेक लिहून काढलं. टॅबचा नियम सोपा पडला म्हणून ठेवला होता. पुढं काही आठवड्यांत तो बदलावासा वाटला, तर तोवर मेक वापरणारी डझनभर माणसं झाली होती, बहुतेक मित्रच. त्यांच्या चालत्या फायली मोडायच्या नाहीत, एवढ्याच कारणानं नियम तसाच राहिला. आज लाखो लोक तो पाळतात. याच मेकसाठी २००३ साली फेल्डमन यांना एसीएम या संस्थेचा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार मिळाला.

मी पुण्यात २००० सालच्या पावसाळ्यात नोकरीला लागले आणि तेव्हापासून बिल्डचं काम करते. दहा-वीस जणांनी दिवसभर लिहिलेला कोड एकत्र घ्यायचा, कंपाइल करायचा, त्यावर चाचण्या चालवायच्या, त्याची जार किंवा वॉर, म्हणजे सगळ्याचा एकच गठ्ठा केलेली फाइल, बांधायची आणि ती सर्व्हरवर चढवायची, या सगळ्याला आमच्या धंद्यात बिल्ड म्हणतात. बिल्ड चाललं तर कुणाचं लक्ष जात नाही. तुटलं की संबंध मजला विचारतो, ‘बिल्ड कुणी तोडलं?’ या कामाची माझी सगळी अवजारं फुकट मिळालेली आणि सोर्सकोडसकट मिळालेली आहेत. त्यांच्या जन्माच्या गोष्टी धंद्यातल्या बऱ्याच जणांना पाठ असतात. मला मात्र जन्मानंतरचा इतिहास जास्त महत्त्वाचा वाटतो: अवजार चार लोकांच्या हाती गेल्यावर त्यात काय बदलायचं आणि काय मोडायचं नाही, हे कुणी आणि कसं ठरवलं.

सन मायक्रोसिस्टिम्सनं मे १९९५ मध्ये जावा जाहीर केली, ती एकदा लिहा आणि कुठंही चालवा या वचनावर. वचन बऱ्याच अंशी खरं होतं. सनच्या सोलॅरिस या युनिक्सवर बांधलेली जार विंडोजवर चालायची. पण ती बांधायचं साधन मात्र सगळीकडे चालत नव्हतं. मेकफाइलमधल्या आरएम, सीपी या आज्ञा युनिक्सच्या, विंडोजला त्या ठाऊक नाहीत. क्लासपाथमध्ये दोन जारींची नावं वेगळी करायला युनिक्सवर अपूर्णविराम लागतो आणि विंडोजवर अर्धविराम. शिवाय मेक प्रत्येक आज्ञेसाठी नवी प्रक्रिया सुरू करतं, म्हणजे फाइलगणिक जावाचं अख्खं आभासी यंत्र उठवायचं आणि झोपवायचं. आमच्या तेव्हाच्या १२८ एमबी रॅमच्या मशिनवर त्यात दुपार सरायची.

सनमध्ये जेम्स डंकन डेव्हिडसन हे सर्व्हलेट आणि जेएसपी, म्हणजे वेबपानं तयार करणारा जावातला कोड, चालवणाऱ्या सर्व्हरवर काम करत होते. सर्व्हलेटचं विवरण कागदावर होतं. ते प्रत्यक्षात कसं वागावं हे दाखवणारा नमुना म्हणून हा सर्व्हर. तो ओपन सोर्स व्हावा अशी डेव्हिडसन यांची इच्छा होती. ओरायलीच्या तांत्रिक पुस्तकांच्या मुखपृष्ठावर प्राणी असतो, आपल्याही सर्व्हरवर एक दिवस तसं पुस्तक निघावं म्हणून त्यांनी प्राण्याचं नाव घेतलं, आणि स्वतःचं स्वतः निभावून नेणारा प्राणी म्हणून टॉमकॅट निवडला. २००३ साली ते पुस्तक खरंच निघालं. बोक्याचं चित्र आधीच दुसऱ्या पुस्तकाला दिलेलं होतं, म्हणून याच्या वाट्याला हिमबिबट्या आला.

सर्व्हर बाहेर द्यायचा ठरल्यावर अडचण आली ती बिल्डची. सनच्या आत सगळ्यांची यंत्रं सारखी, तिथं सोलॅरिसवरचं मेक पुरत होतं. बाहेर कोण कुठल्या यंत्रावर तो बांधणार, यावर कुणाचा ताबा? तेव्हा एका विमानप्रवासात डेव्हिडसन यांनी छोटंसं साधन लिहिलं. ते स्वतःच जावात असल्यामुळे जिथं जावा तिथं ते चालणार, सगळी कामं एकाच आभासी यंत्रात होणार, आणि काय करायचं ते एका एक्सएमएल फाइलीत लिहायचं. त्याचं नाव अँट. ‘अनदर नीट टूल’, म्हणजे आणखी एक सुबक अवजार, याची ती आद्याक्षरं. आधी ते टॉमकॅटच्या पोटातच होतं. लोक ते तिथून काढून आपापल्या कामाला लावू लागले, तेव्हा जुलै २००० मध्ये अँट १.१ ही स्वतंत्र आवृत्ती आली.

हे सगळं गेलं अपाचेकडे, आणि अपाचेची स्वतःची सुरुवात एका पोरक्या कोडपासून झाली होती. इलिनॉय विद्यापीठातल्या एनसीएसए केंद्रात रॉब मॅकूल यांनी वेब सर्व्हर लिहिला आणि १९९४ मध्ये ते तिथून बाहेर पडले. सर्व्हर जगभर चालू होता, पण त्याच्याकडे बघणारं कुणी उरलं नाही. ठिकठिकाणचे वेबमास्तर आपापल्या दुरुस्त्या करून एकमेकांना पाठवत राहिले. १९९५ च्या सुरुवातीला ब्रायन बेलेनडॉर्फ आणि इतर मिळून आठ जणांच्या गटानं त्या दुरुस्त्या एकत्र बांधल्या, डिसेंबरमध्ये अपाचे १.० आलं, आणि १९९६ मध्ये तो इंटरनेटवरचा सर्वांत जास्त वापरला जाणारा सर्व्हर झाला. १९९९ मध्ये अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशन ही संस्था स्थापन झाली. त्याच वर्षी सननं टॉमकॅट तिच्या हवाली केला. अपाचेत जावाचं जे दालन उघडलं त्याचं नाव जकार्ता. बोलणी ज्या सभाकक्षात झाली, त्या सनच्या खोलीचं ते नाव होतं.

पुण्यात ही अवजारं आमच्यापर्यंत बरीचशी सीडीवरून पोचली. पीसीक्वेस्ट मासिक १९९६ पासून लिनक्सच्या सीडी वाटत होतं, त्यामागे अतुल चिटणीस यांचा मोठा हात होता. कॉलेजात असताना मी पहिल्यांदा कुठल्या प्रोग्रामचा सोर्सकोड उघडून वाचला तो अशाच एका सीडीवरचा. ऑफिसातली इंटरनेटची एक लाइन सगळा मजला वाटून घेत असे. टॉमकॅटची झिप रात्री उतरवायला लावायची आणि सकाळी ती सीडीवर कोरून बाकीच्यांना द्यायची, हे माझं काम होतं. पुस्तकं अप्पा बळवंत चौकातून यायची. मुंबईच्या श्रॉफ प्रकाशनानं ओरायलीची पुस्तकं भारतीय किमतीत छापली नसती, तर माझ्या पिढीतल्या कित्येकांना ती घेता आली नसती.

त्या काळी ग्राहकाकडे विकतचा ॲप्लिकेशन सर्व्हर असायचा, प्रत्येक प्रोसेसरमागे हजारो डॉलर मोजून घेतलेला. आमच्या टेबलावर मात्र टॉमकॅट. वेबॲप्स या फोल्डरात वॉर टाकायची, ८०८० पोर्टवर पान उघडायचं, आणि उघडलं नाही तर कॅटालिना डॉट आउट ही लॉगफाइल शेवटाकडून वर वाचत जायची. त्या लॉगमधला स्टॅकट्रेस टॉमकॅटच्या आत शिरला की त्याच्या मागोमाग आपणही आत शिरायचं, कारण सोर्सकोड हाताशी होता. विकतच्या सर्व्हरमध्ये ती वाट दारापाशीच संपायची. मी जावा शिकले ती अशी, दुसऱ्याच्या चालत्या कोडमध्ये शिरून. ती मोकळीक देणाऱ्यांविषयी माझ्या मनात आजही कृतज्ञता आहे.

आता त्या ठरवण्याच्या इतिहासाकडे येते. अपाचेत निर्णय मतानं होतात, आणि मत अंकात देतात: अधिक एक, शून्य, उणे एक. कोडमधल्या बदलाला उणे एक पडलं की तो बदल थांबतो, पण उणे एक देणाऱ्यानं तांत्रिक कारण सांगायलाच हवं. ज्यानं काम केलं त्याला मत. कंपनी कुठली, हुद्दा कोणता, हे कुणी विचारत नाही. टॉमकॅटवर पहिला मोठा वाद झाला तो लगेचच. सनकडून आलेला कोड सुधारत न्यायचा, की क्रेग मॅक्लनहन यांनी नव्यानं मांडलेला कॅटालिना हा गाभा घ्यायचा? जानेवारी २००० मध्ये डेव्हिडसन यांनी ‘क्रांतिकारकांसाठी नियम’ म्हणून एक टिपण लिहिलं. ज्याला सगळं उलथून नवं करायचं आहे त्यानं ते खुशाल करावं, त्याला कुणी अडवू नये. फक्त त्यानं वेगळी शाखा करावी, तिला वेगळं टोपणनाव द्यावं, आणि मूळ नाव कुणाला मिळणार हे शेवटी सगळ्यांनी ठरवावं. तिसरी आवृत्ती चालू असतानाच कॅटालिना वाढला आणि २००१ मध्ये टॉमकॅट ४ म्हणून बाहेर आला.

हेच नियम अँटलाही लागू होते, आणि तिथं निकाल उलटा लागला. अँटमधल्या एक्सएमएलबद्दल डेव्हिडसन यांना स्वतःलाच खंत होती. तेव्हाच एखादी खरी स्क्रिप्ट भाषा घ्यायला हवी होती असं त्यांनी पुढं लिहिलं. अँट २ साठी तीन प्रस्ताव पुढं आले. डेव्हिडसन यांचा अँटईटर, कॉनर मॅकनील यांचा म्युटंट आणि पीटर डोनाल्ड यांचा मर्मिडॉन. तिन्ही आराखडे मूळच्यापेक्षा स्वच्छ होते. पण तोवर हजारो प्रकल्पांत बिल्ड डॉट एक्सएमएल फायली रोज रात्री धावत होत्या. गटानं हळूहळू सुधारत जायचा मार्ग धरला. क्रांती एकही झाली नाही, आणि अँट २ कधी आलं नाही. डेव्हिडसन पुढं जावाच्या जगातून बाहेर पडले.

जर्मनीतले स्टेफान बोडेविग २००० पासून अँटवर आहेत. एकामागून एक आवृत्त्या त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाहेर काढल्या. त्यांच्या कामात विमानप्रवासाची गोष्ट नाही. एखाद्या जुन्या यंत्रावर फायलीची वेळ चुकीची वाचली जाते, ती दुरुस्त कर. जावाची नवी आवृत्ती आली, तिच्यावर सगळ्या चाचण्या पुन्हा चालव. माझ्याकडे २००१ सालची एक बिल्ड डॉट एक्सएमएल आहे, ती आजच्या अँटवर एकही ओळ न बदलता चालते. माझ्या मते अँटची खरी थोरवी या एका गोष्टीत आहे, आणि ती बोडेविग यांच्यासारख्यांच्या हातची आहे.

बाकीची अवजारं थोडक्यात सांगते, नाहीतर चित्र अपुरं राहील. केंट बेक आणि एरिक गामा १९९७ मध्ये झुरिकहून अटलांटातल्या परिषदेला निघाले होते, त्या विमानात दोघांनी मिळून जेयुनिट लिहिलं आणि जावात चाचण्या लिहायची सवय लागली. नोव्हेंबर २००१ मध्ये आयबीएमनं एक्लिप्स खुलं केलं. प्रागमधल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून निघालेलं नेटबीन्स सननं त्याआधीच विकत घेऊन खुलं केलेलं होतं. जेसन व्हॅन झिल यांच्या मेव्हननं सोर्स कुठल्या फोल्डरात ठेवायचा हे ठरवून टाकलं आणि लागणाऱ्या जारी एका मध्यवर्ती भांडारातून आपोआप आणायला सुरुवात केली. हे भांडार सुरुवातीला नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या इबिब्लिओवर होतं. पुण्याहून तिथं रोज जाणं आमच्या लाइनला झेपण्यासारखं नव्हतं, म्हणून कोपऱ्यातल्या एका जुन्या मशिनवर मी त्याची प्रत ठेवली होती. मेव्हनआधी आम्ही जारी हातानं कोडशेजारी ठेवत असू, आणि एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या एकत्र आल्या की अख्खा दिवस जायचा. तो त्रास गेला याचं मोल ज्यांनी तो सोसला त्यांनाच कळेल.

जेन्किन्सपाशी मात्र थांबायला हवं. कोसुके कावागुची सनमध्ये होते. आपल्या हातून बिल्ड तुटतं, ते सहकाऱ्यांच्या लक्षात येण्याआधी आपल्याला कळावं, म्हणून २००४ च्या उन्हाळ्यात त्यांनी एक प्रोग्राम लिहायला घेतला: कोड बदलला की स्वतःहून बिल्ड चालव आणि निकाल सांग. २००५ मध्ये तो हडसन या नावानं बाहेर आला. यशस्वी बिल्डपुढं त्यात निळा गोळा दिसे, हिरवा नव्हे. कावागुचींच्या जपानमध्ये सिग्नलच्या हिरव्या दिव्याला निळा म्हणतात. ज्यांना हिरवाच हवा होता त्यांच्यासाठी कुणीतरी छोटं प्लगइन करून दिलं आणि ते भरपूर वापरलं गेलं. जानेवारी २०१० मध्ये ऑरॅकलनं सन विकत घेतली. वर्षभरात वाद उभा राहिला आणि ऑरॅकलनं हडसन हे नाव आपलं असल्याचं सांगितलं. कोड कुणी हिरावून घेऊ शकत नव्हतं, तो खुला होता; नावाची मालकी मात्र वेगळी गोष्ट ठरली. जानेवारी २०११ च्या शेवटी मतदान झालं आणि २१४ विरुद्ध १४ मतांनी प्रकल्पानं जेन्किन्स हे नाव घेतलं. माणसं कावागुचींबरोबर गेली. हडसन काही वर्षांत थांबलं. आमच्याकडे तो बदल एका शनिवारी झाला: जुनी वॉर काढली, नवी ठेवली, सगळे जॉब जसेच्या तसे चालू झाले.

न मोडण्याची किंमतही असते, आणि ती डिसेंबर २०२१ मध्ये सगळ्या जगानं मोजली. लॉगफोरजे ही जावातली नोंदी लिहायची लायब्ररी, मूळ चेकी ग्युल्चू यांची. तिच्या दुसऱ्या पिढीत २०१३ मध्ये बाहेरून आलेल्या एका दुरुस्तीतून अशी सोय आली होती, की नोंदीच्या मजकुरात विशिष्ट खूण दिसली तर लायब्ररीनं जेएनडीआय या जावातल्या यंत्रणेमार्फत दुसरीकडून माहिती आणावी. ९ डिसेंबरला जाहीर झालं की वेबपानावरच्या साध्या चौकटीत तशी खूण टाइप करून कुणीही दूरच्या सर्व्हरवर आपला कोड चालवू शकतो. धोक्याची पातळी दहापैकी दहा. ही सोय लायब्ररी सांभाळणाऱ्यांना स्वतःलाही आवडत नव्हती; जुन्या वापरकर्त्यांचं काही मोडू नये म्हणून ती ठेवली होती, असं त्यांच्यापैकी वोल्कान याझीजी यांनी तेव्हा लिहिलं. नोकरी सांभाळून, पदराला खार लावून काम करणारी ही मूठभर माणसं दिवसरात्र बसली. २.१५, २.१६, २.१७ अशा तीन आवृत्त्या दोन आठवड्यांच्या आत निघाल्या.

आम्ही त्या दिवसांत वॉरच्या आत जार, त्या जारच्या आत आणखी जार, अशा उघडून ती लायब्ररी शोधत होतो. जिथं नवी आवृत्ती लगेच घालता येत नव्हती तिथं जेएनडीआय लुकअपचा एक क्लास जारमधून काढून टाकत होतो. ज्या कंपन्यांचा कारभार या लायब्ररीवर उभा होता, त्यांतल्या कितींनी तोवर या माणसांना एक रुपया दिला होता? या माणसांना जाब विचारणारी पत्रं मात्र त्या आठवड्यात भराभर गेली. त्याचा मला तेव्हा राग आला आणि तो अजून गेलेला नाही. ज्याच्यावर आपलं पोट आहे ते अवजार सांभाळणाऱ्याचं पोट कसं भरतं, हे विचारणं आपलंच काम आहे.

सध्या चाललेला बदल त्याहून मोठा आहे, फक्त संथ आहे. २०१७ मध्ये ऑरॅकलनं जावाची एंटरप्राइझ आवृत्ती एक्लिप्स फाउंडेशनला द्यायचं ठरवलं. कोड दिला, पण जावा हे नाव दिलं नाही. पुढच्या वर्षी मतदानानं नवं नाव ठरलं, जकार्ता ईई; तेच, सनच्या सभाकक्षाचं. २०१९ मध्ये स्पष्ट झालं की जावाएक्स या आद्यनावाखालच्या पॅकेजांत एक्लिप्सला काही बदल करता येणार नाही. मग डिसेंबर २०२० च्या जकार्ता ईई ९ मध्ये जावाएक्स डॉट सर्व्हलेटचं जकार्ता डॉट सर्व्हलेट झालं. म्हणजे १९९० च्या दशकापासून जगात जेवढे सर्व्हलेट लिहिले गेले, त्या प्रत्येकाची आयातीची ओळ एका दिवसात चुकीची ठरली. तांत्रिक कारण एकही नव्हतं, फक्त नावाची मालकी.

टॉमकॅटच्या मंडळींनी यातून काढलेली वाट मला मनापासून आवडते. नवव्या आवृत्तीत त्यांनी जुनं नाव ठेवलं, दहावीपासून नवं घेतलं, आणि दोन्ही शाखा शेजारी शेजारी सांभाळायला घेतल्या. शिवाय रूपांतराचं एक साधन लिहिलं, जे सोर्सकोडशिवाय थेट क्लास फायलींत शिरून जुनी नावं बदलतं. जेएसपी आणि वेब डॉट एक्सएमएलही त्यातून सुटत नाहीत. टॉमकॅट १० मध्ये वेबॲप्स-जावाईई नावाचा फोल्डर केला, तर त्यात टाकलेली जुनी वॉर सर्व्हर स्वतःच बदलून घेतो. मार्च २०२४ च्या अखेरीस टॉमकॅट ८.५ चा सांभाळ थांबला, तेव्हा आम्हाला हे काम हाती घेणं भाग पडलं. आमच्याकडे २००४ सालचं एक ॲप्लिकेशन होतं, ज्याचा सोर्सकोड ग्राहकाकडे उरला नव्हता. त्याची वॉर त्या फोल्डरात टाकली. पहिल्या वेळी सुरू व्हायला बराच वेळ लागला, मग लॉगिनचं पान उघडलं, आणि महिन्याअखेरचा अहवालही बरोबर निघाला. तशीच आणखी काही ॲप्लिकेशनं रांगेत आहेत. त्यातलं पुढचं सोमवारी घेणार आहोत.